सामूहिक दुर्घटनेनंतर मृतांची ओळख कशी पटवतात: गावपातळीवरचे कार्यकर्ते आणि नातेवाईक यांच्यासाठी

२२ मे २०१० रोजी दुबईहून मंगळुरूला आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून पुढे घसरले आणि दरीत कोसळून पेटले. विमानात १६६ माणसे होती, १५८ गेली. त्यातले १३६ मृतदेह चेहरा, अंगकाठी, कपड्याचा तुकडा, घड्याळ, अंगठी अशा खुणांवरून बघता बघता नातेवाइकांच्या हवाली झाले. उरलेल्या २२ जणांचे डीएनए नमुने हैदराबादच्या सीडीएफडी या डीएनए तपासणाऱ्या संस्थेकडे गेले. त्यातले १० जुळले. राहिलेले १२ मृतदेह वाट बघत बसलेल्या कुटुंबांपैकी कोणाशीच जुळेनात. विमानातल्या माणसांची यादी पक्की होती, बाहेरचे कोणी असण्याचा प्रश्न नव्हता. म्हणजे आधी दिलेल्यांपैकी काही देह चुकीच्या घरी गेले होते, आणि तिथे अंत्यविधीही उरकले होते. त्या बारा जणांना शेवटी मंगळुरूतच ओळखीविना दफन केले गेले.

यात कोणी खोटे बोलले नव्हते. रडून रडून डोळे सुजलेला माणूस जळालेल्या देहांच्या रांगेतून फिरतो तेव्हा त्याला आपले माणूस सापडायलाच हवे असते, आणि ते सापडते. अधिकाऱ्यांवर देह लवकर देण्याचा दबाव असतो. दोन्ही बाजूंची घाई एकमेकांना पूरक ठरते. पुढचे सगळे या घाईला आवर घालण्यासाठी आहे.

लेखाचा पहिला भाग घटनास्थळी आधी पोचणाऱ्यांसाठी आहे: पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक, गिर्यारोहकांची बचाव पथके, गावातली तरुण मंडळी. सह्याद्रीत दरड कोसळली की एनडीआरएफच्या, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या, आधी हीच माणसे चिखलात उतरलेली असतात. तुमचे स्वतःचे कोणी बेपत्ता असेल, तर हे सगळे वाचत बसू नका. थेट ‘घरच्यांनी काय आणायचे’ या भागाकडे जा.

ओळख दोन फायली जुळवून पटते

जगभर साधारण इंटरपोलची पद्धत वापरतात. बेपत्ता माणसाबद्दल घरच्यांकडून मिळालेली माहिती पिवळ्या फॉर्मवर, मृतदेहावर आढळलेली माहिती गुलाबी फॉर्मवर. दोन्ही फॉर्म वेगवेगळी माणसे भरतात आणि नंतर तिसरी माणसे ते जुळवून बघतात. आपल्याकडे रंगीत फॉर्म नसतील, साध्या वह्या असतील, तरी चालते. मात्र दोन वह्या वेगळ्याच हव्यात. मृतदेहाची नोंद करणाऱ्याच्या कानावर ‘अहो, त्याने निळा शर्ट घातला होता’ हे आधीच पडले असेल, तर त्याला मळकट राखाडी शर्टही निळा दिसू लागतो.

एकट्याच्या बळावर ओळख ठरवू शकणाऱ्या गोष्टी तीनच: बोटांचे ठसे, दात आणि डीएनए. शरीरात बसवलेल्या उपकरणावरचा अनुक्रमांकही, उदाहरणार्थ कृत्रिम गुडघा किंवा पेसमेकर, जवळजवळ तितकाच भक्कम. बाकी सगळे, म्हणजे चेहरा, गोंदण, शस्त्रक्रियेचा व्रण, मंगळसूत्र, जोडवी, खिशातले आधार कार्ड, मोबाइल, हा पूरक पुरावा. त्याने शोध एका दिशेला वळतो, निकाल लागत नाही. खिशातले पाकीट मित्राचे असू शकते. एकाच गावातल्या चार म्हाताऱ्यांच्या हातावर एकाच गोंदणारणीने काढलेले तुळशीवृंदावन असू शकते.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी ठरवा: यादी बंद आहे की उघडी? विमानाची यादी बंद असते. रेल्वेचा जनरल डबा, जत्रा, पुरात वाहून गेलेली बस, दरडीखालची वाडी, यांची यादी उघडी असते. त्या रात्री कोण पाहुणा आला होता, कोण मुंबईहून सुट्टीला आला होता, कोण लग्नाला दुसऱ्या गावी गेला होता, हे कुठल्याच कागदावर नसते. १२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या विमान अपघातात दोन्ही प्रकार एकत्र आले. विमानातल्यांची यादी पक्की होती, पण विमान वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर पडले, आणि जमिनीवरच्या मृतांची यादी कोणाकडेच नव्हती. वाडी गाडली गेली असेल तर तलाठ्याने मतदार यादी, रेशन कार्डांची नोंद आणि शाळेचा हजेरीपट त्याच दिवशी मागवून घ्यावा. आशा सेविकेला आणि अंगणवाडी ताईंना शेजारी बसवून घरवार यादी करावी. गरोदर बाया आणि लहान मुले त्यांनाच तोंडपाठ असतात.

घटनास्थळी: नंबराशिवाय काहीही हलवू नका

मृतदेह उचलण्याआधी त्याला क्रमांक द्या. क्रमांकात ठिकाण, पथक आणि अनुक्रम असावा, जसे ‘महाड-२-०१७’. दोन पथके एकाच वेळी एकपासून मोजू लागली की संध्याकाळी शवागारात दोन ‘सतरा नंबर’ भेटतात. चुकून एखादा क्रमांक वगळला गेला तर वगळलेलाच राहू द्या. तो पुन्हा कोणाला देऊ नका.

सुटा अवयव सापडला तर त्याला वेगळा क्रमांक. शेजारीच पडलेल्या देहाचा असेल असे डोळ्यांनी शंभर टक्के वाटले तरी वेगळाच. हा नियम मोडण्याचा मोह सगळ्यात जास्त होतो, कारण अपुरा देह बघवत नाही आणि तो पुरा करून द्यावासा वाटतो. पण दोन माणसांचे अवशेष एका पिशवीत गेले की प्रयोगशाळेत आलेल्या निकालावर कोणाचाच विश्वास बसत नाही. जुलै २०२४ मध्ये वायनाडच्या दरडीनंतर चालियार नदीतून कित्येक किलोमीटर खाली सुटे अवयव मिळत होते. तिथे अवयवांचेही स्वतंत्र नमुने घेतले गेले, म्हणूनच पुढे काही जुळवता आले.

चिठ्ठी कागदाची असेल तर चिखलात तासाभरात लगदा होते. प्लास्टिकच्या पट्टीवर पक्क्या शाईच्या मार्करने लिहा. एक मनगटाला किंवा घोट्याला बांधा, तोच क्रमांक पिशवीवर बाहेरून. फक्त पिशवीवर लिहिले आणि पिशवी बदलली, तर संपले.

फोटो मोबाइलवरच काढा, पण नीट. प्रत्येक फोटोत क्रमांक दिसला पाहिजे आणि शेजारी मोजपट्टी किंवा निदान पेन. पूर्ण देह, चेहरा समोरून, चेहरा बाजूने, कपडे, दागिने, व्रण, गोंदण. चेहऱ्यावरचा चिखल हलक्या हाताने पाण्याने पुसा आणि पुन्हा एक फोटो घ्या. देह जितका ताजा असताना फोटो निघेल तितका पुढे उपयोगी पडतो. आपल्याकडच्या दमट उष्णतेत १२ ते ४८ तासांत चेहरा ओळखण्यापलीकडे जातो. हे फोटो एकाच ठरलेल्या अधिकाऱ्याच्या मोबाइलवर. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकही जाता कामा नये. आपल्या मुलीचा असा फोटो फॉरवर्ड होऊन आलेला बघणाऱ्या आईचा विचार करा आणि ज्याने टाकला त्याचा मोबाइल बाजूला काढून ठेवा.

अंगावरचे दागिने, कपडे, कमरेची चावी काढू नका. जे अंगावर आहे ते अंगावरच राहू द्या. सुटे पडले असेल त्याला वेगळा क्रमांक. ‘सोने हरवेल’ म्हणून मंगळसूत्रे काढून एका पिशवीत गोळा करणारा कार्यकर्ता प्रामाणिकच असतो, पण त्या क्षणी चांगला पुरावा निरुपयोगी होतो. चोरीची भीती असेल तर पहारा वाढवा आणि दागिन्यांचा अंगावर असतानाच फोटो घ्या.

देह सापडल्याची जागाही लिहा. जीपीएसचा आकडा उत्तम. नाहीतर ‘शाळेच्या उगवतीच्या कोपऱ्यापासून चाळीस पावले, वडाच्या बुंध्याखाली’. दरडीत जागेवरून घर कळते आणि घरावरून कुटुंब. पुरात मात्र जागा फसवते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, दोन एसटी गाड्या नदीत गेल्या आणि मृतदेह पार हरिहरेश्वर, आंजर्ल्याच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत मिळाले. अशा वेळी खाली किनाऱ्यापर्यंतच्या प्रत्येक पोलीस ठाण्याने एकाच मालिकेतले क्रमांक वापरायला हवेत. नाहीतर दापोलीत नोंदलेला देह आणि महाडला वाट बघणारे कुटुंब यांची गाठ पडत नाही.

साथ येत नाही, तेव्हा सरण पेटवायची घाई नको

‘मृतदेहांमुळे साथ पसरेल, लवकर विल्हेवाट लावा’ हे वाक्य प्रत्येक आपत्तीत कोणीतरी जबाबदार माणूस बोलतो. ते चूक आहे. भूकंप, पूर, दरड यात माणसे जखमांनी, गुदमरून किंवा बुडून गेलेली असतात, रोगाने नाही. अशा देहांमुळे गावात साथ येत नाही. धोका असतो तो देह उचलणाऱ्यांना, आणि तोही मर्यादित. जाड हातमोजे, गमबूट, काम झाल्यावर साबणाने हात, धनुर्वाताची सुई आणि जमल्यास कावीळ-बीची लस. पिण्याच्या पाण्यात देह पडलेला असेल तर तेवढे पाणी वापरू नका.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे गेली. पावसात, लाकूड मिळेना अशा अवस्थेत सामूहिक अंत्यसंस्कार झाले. तेव्हाच्या माणसांना दोष देण्यात अर्थ नाही. ओळखीची व्यवस्था अशी काही नव्हतीच. आज ती आहे, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये मृतदेहांच्या व्यवस्थेबद्दल सूचनाही काढल्या आहेत. बेवारस देह जाळायचा नाही, हे त्यातले प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावे असे कलम. जाळल्यावर पुन्हा तपासायला काही राहत नाही.

मग ठेवायचे कुठे? २ ते ४ अंश तापमानाचा थंड कंटेनर सगळ्यात बरा. चाळीस फुटी कंटेनरात सुमारे ५० देह राहतात. जिल्हा प्रशासनाने द्राक्षे किंवा मासळी वाहणारे रीफर कंटेनर मागवता येतात, मात्र ते पुन्हा खाण्याच्या मालाला वापरायचे नाहीत हे मालकाला आधीच सांगून आणि त्याची भरपाई ठरवून. कंटेनर मिळेपर्यंत कोरडा बर्फ: वीसेक देहांच्या गटाभोवती अर्धा मीटर उंचीची भिंत, वरून ताडपत्री, दर देहामागे दिवसाला सुमारे १० किलो. थेट अंगावर ठेवायचा नाही, उघड्या हाताने धरायचा नाही आणि बंद खोलीत तर अजिबात नाही, कारण त्यातून निघणाऱ्या वायूने आतला माणूस गुदमरतो. साधा बर्फ टाळा. तो वितळतो, घाण पाणी साचते, चिठ्ठ्या भिजतात.

यातले काहीच जमत नसेल तर तात्पुरते दफन करा. खोली किमान दीड मीटर, विहिरीपासून दोनशे मीटर लांब, देह एकाच थरात, दोघांत हातभर अंतर, प्रत्येकाच्या डोक्याशी क्रमांक आणि जागेचा नकाशा. हिंदू कुटुंबांना दफन खटकते, हे खरे आहे. त्यांना सरळ सांगा: हे अंत्यसंस्कार नाहीत, ओळख पटली की देह बाहेर काढून तुमच्या रीतीने अग्नी देता येईल. वायनाडमध्ये पुथुमला इथे सर्वधर्मीय प्रार्थना करून अनोळखी देह आणि अवयव पुरले गेले, प्रत्येक जागी नावाऐवजी नमुन्याचा क्रमांक लावून. पुढे डीएनए जुळला तेव्हा कोणत्या मातीत आपले माणूस आहे हे कुटुंबांना कळले.

शवागारात: नमुना कशाचा घ्यायचा

हा भाग डॉक्टरांचा आहे. तरी ग्रामीण रुग्णालयात रात्री दोन वाजता शंभर देह येतात तेव्हा कोणालाच काही आठवत नाही, म्हणून थोडक्यात.

आधी ठसे. पाण्यात राहिलेल्या हाताची कातडी सुरकुतते किंवा हातमोज्यासारखी सुटते. सुटलेली कातडी फेकू नका, तिच्यावरच ठसा असतो. ठसे तज्ज्ञ बोटाच्या टोकात द्रव भरून सुरकुती घालवतो आणि मग ठसा घेतो. ‘आधार आहे ना सगळ्यांचे, ठसे टाकून बघा’ अशी सूचना हमखास येते. जून २०२३ मध्ये बालासोरच्या रेल्वे अपघातानंतर आधारच्या पथकाला बोलावले होते, पण बऱ्याच मृतांच्या अंगठ्यांची कातडीच खराब झालेली होती. शिवाय आधारमधले ठसे कोणालाही सहज देण्याची कायद्यात मुभा नाही. त्या एका दारावर विसंबून बाकीची थांबवू नका.

दातांचा तक्ता आणि एक्स-रे दंतवैद्याकडून करून घ्या. २००४ च्या त्सुनामीनंतर थायलंडमध्ये तीसेक देशांची पथके एकत्र काम करत होती. तिथे सर्वांत जास्त ओळखी डीएनएने पटल्या असतील असा आपला समज असतो. प्रत्यक्षात आघाडीवर होते दात आणि बोटांचे ठसे. अर्थात त्यातले पुष्कळजण युरोपातले पर्यटक होते आणि त्यांच्या दातांची दप्तरे तयार होती. आपल्याकडे खेड्यातल्या माणसाचे दप्तर म्हणजे हसतानाचा एखादा फोटो. म्हणून भारतात शेवटी ओझे डीएनएवर येते. अहमदाबादच्या २६० मृतांपैकी २५४ जणांची ओळख डीएनएने पटली, केवळ ६ जणांची चेहऱ्यावरून, आणि शेवटची ओळख अपघातानंतर सुमारे सोळा दिवसांनी पटली.

डीएनएसाठी ताज्या देहातून रक्त किंवा स्नायूचा तुकडा पुरतो. सडलेल्या देहातून मांडीच्या हाडाचा चार-सहा सेंटीमीटरचा तुकडा किंवा न किडलेली, न भरलेली दाढ. जळालेल्यातूनही दाढ आणि जाड हाड टिकते. आणि हे ठळक अक्षरांत भिंतीवर लावा: डीएनएचा नमुना फॉर्मलिनमध्ये, म्हणजे अवयव टिकवायच्या रसायनात, टाकायचा नाही. शवविच्छेदनाच्या टेबलाजवळ फॉर्मलिनची बाटली कायम असते, सवयीने हात तिकडे जातो आणि नमुना वाया जातो. हाड कोरड्या डबीत, गोठवून, सीलबंद, क्रमांक आणि सहीसह. मुंबईच्या कलिना इथल्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत किंवा विभागीय प्रयोगशाळेत पोचेपर्यंत डबी कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, ही साखळी कागदावर हवी.

घरच्यांनी काय आणायचे

कुटुंबातून एकच माणूस बोलण्यासाठी नेमा. थोडा शांत राहू शकेल असा, बहुधा मेहुणा किंवा चुलतभाऊ. चार नातेवाइकांनी चार ठिकाणी चार वर्णने दिली की एका माणसाच्या चार फायली होतात.

नाव पूर्ण द्या: लग्न झालेल्या बाईचे सासरचे आणि माहेरचे, दोन्ही. घरात हाक मारायचे नाव. आधारवरचे इंग्रजी स्पेलिंग. एका वाडीत एकाच आडनावाचे दहा उंबरे आणि त्यात तीन ‘सुनीता’ असणे अजिबात दुर्मीळ नाही. नाव जुळले म्हणजे माणूस जुळला असे नाही.

दाताच्या डॉक्टरकडे एकदा जरी गेला असेल तरी त्या दवाखान्याचे नाव सांगा. तिथे एक्स-रे, साचा किंवा निदान बिल असते. कवळी असेल तर तिची जुनी जोडी घरात पडलेली असेल. दात दिसतील असे हसरे फोटो, जवळून काढलेल्या सेल्फी, लग्नाच्या अल्बममधले मोठे फोटो आणा. एक पुढचा दात थोडा तिरका असणे हीसुद्धा कामाची माहिती आहे. पासपोर्टचा गंभीर चेहऱ्याचा फोटो त्यामानाने कमी उपयोगी. हाड मोडले होते, प्लेट बसवली होती, गुडघा बदलला होता, हृदयात स्टेंट आहे, सिझेरियन झाले आहे, अपेंडिक्स काढले आहे: डिस्चार्ज कार्ड आणि एक्स-रेच्या फिल्म शोधा. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या फायलीत उपकरणाच्या अनुक्रमांकाचा स्टिकर चिकटवलेला असतो. तो मिळाला तर मोठे काम झाले.

आता डीएनए. सर्वांत चांगले नमुने त्या माणसाचे स्वतःचे: त्याचा दात घासायचा ब्रश, दाढीचे रेझर, न धुतलेली बनियन, कंगव्यातले मुळासकट केस. एकट्यानेच वापरलेल्या वस्तू हव्यात; सगळ्या घराचा एकच कंगवा असेल तर तो आणू नका. काही घरांत बाळाची वाळलेली नाळ किंवा दुधाचे दात जपून ठेवलेले असतात, तेही चालतात. प्रत्येक वस्तू वेगळ्या कागदी पाकिटात. प्लास्टिकच्या पिशवीत ओल राहते आणि बुरशी येते. आणि मेहरबानी करून घर आवरू नका. अशा वेळी शेजारच्या बाया चांगल्या मनाने अंथरुणे धुतात, ब्रश फेकतात, कपडे दान करतात. दोन आठवडे त्याची खोली तशीच राहू द्या.

नातेवाइकांचे रक्त किंवा गालाच्या आतून कापसाने घेतलेला नमुना द्यायचा असेल तर क्रम असा: आई आणि वडील दोघेही, ते नसतील तर मुले, आणि मुलांसोबत त्यांचा हयात असलेला पालक, तेही नसतील तर सख्खी भावंडे, एक नव्हे, शक्य तितकी. अगदी एकसारखे (एकाच बीजातून झालेले) जुळे भावंड असेल तर आधी तेच. नवरा किंवा बायको एकटीचा नमुना काही उपयोगाचा नाही, कारण त्यांचे रक्ताचे नाते नसते. मुलाच्या डीएनएतला दुसऱ्या पालकाचा वाटा बाजूला काढण्यापुरता तो लागतो. काका, मामा, मावशी यांची मदत होते, पण मर्यादित.

इथे एक अवघड गोष्ट येते. मूल दत्तक आहे, सावत्र आहे, किंवा जैविक वडील वेगळे आहेत, हे घरातल्या सगळ्यांना माहीत नसते. नमुना घेणाऱ्याने प्रत्येकाला एकेकटे, बाजूला घेऊन विचारावे, आणि नातेवाइकाने तिथे खरे सांगावे. लपवले तर अहवाल ‘जुळत नाही’ असा येतो आणि आपलेच माणूस अनोळखी म्हणून पडून राहते. अहवालात फक्त ओळख पटली की नाही एवढेच यावे, नात्यांचा उलगडा चारचौघांत होता कामा नये, ही जबाबदारी अधिकाऱ्याची. नमुना देणाऱ्याला अलीकडे रक्त चढवले असेल किंवा कधी बोन मॅरो बदलला असेल तर तेही सांगा. बोन मॅरो बदललेल्या माणसाच्या रक्तात दात्याचा डीएनए असतो, त्यामुळे त्याचे रक्त त्याच्याच नात्यांशी जुळत नाही.

आणि एकाच घरातले अनेकजण गेले असतील तर डीएनए अपुरा पडू शकतो, हे आधीच जाणून असा. दोन सख्खे भाऊ गेले, नमुना फक्त आई-वडिलांचा आहे: प्रयोगशाळा ‘हा यांचा मुलगा’ एवढेच सांगेल, थोरला की धाकटा हे नाही. तिथे वय, उंची, दात, जुना मोडलेला हात यांनीच निवाडा होतो. दरडींत हे वारंवार घडते, कारण ती रात्री येते आणि सगळे घर झोपेत असते. वाडीत आपापसांत सोयरिकी असतील तर वंशावळीचा कागद काढून द्या, चुलत-मावस नाती दाखवून. तज्ज्ञाला त्यावरून आकडेमोड करता येते.

जाताना नोंद क्रमांक आणि पावती मागून घ्या. पुढे प्रत्येक फोनवर नावापेक्षा तो क्रमांक सांगा.

चेहरा दाखवायचा की नाही

घरच्यांना बघायचे असते, आणि ‘नाही’ म्हणणे क्रूर आहे. पण रांगेत चालवत नेऊन ‘यातला तुमचा कोणता?’ हे बंद झाले पाहिजे. आधी वर्णनावरून निवड करा, मग स्वच्छ केलेल्या चेहऱ्याचा फोटो दाखवा, एका वेळी एक, खोलीत बसवून, पाणी जवळ ठेवून. त्यांनी ओळखले तर ‘संभाव्य’ एवढेच लिहा आणि ठसे, दात किंवा डीएनएने पडताळा.

बालासोरला सुरुवातीला फोटो मांडून ओळख पटवली जात होती, आणि एकाच देहावर दोन-दोन कुटुंबांनी हक्क सांगितला. शेवटी देह भुवनेश्वरच्या एम्समध्ये थंड जागेत ठेवून डीएनएची वाट बघावी लागली. ऑक्टोबरमध्ये २८ देह तरीही कोणाचेच ठरले नाहीत. महापालिकेने त्यांचे अंत्यसंस्कार केले. त्या डब्यांतून प्रवास करणारे बहुतेक पोटासाठी परमुलखात निघालेले मजूर होते. त्यांची वाट बघणारे कुठल्या गावात बसले असतील ते कोणालाच माहीत नव्हते. चौकशीचा फोन नंबर मृतांच्या राज्यांच्या भाषांत, त्यांच्या गावांपर्यंत पोचवणे हे ओळख पटवण्याचेच काम आहे. पनवेल किंवा तळोज्याला कारखान्यात स्फोट झाला तर नोटीस फक्त मराठीत लावून भागणार नाही.

जुळणी आणि ताबा

पिवळी आणि गुलाबी फाइल जुळली, असे एकट्याने ठरवायचे नाही. न्यायवैद्यक डॉक्टर, दंतवैद्य, ठसे तज्ज्ञ, डीएनए तज्ज्ञ आणि पोलीस यांचे छोटे मंडळ बसते, आणि दोन फायलींतला प्रत्येक फरक समजावून घेतल्याशिवाय सही होत नाही. उंचीत दोन इंचांचा फरक चालतो. फाइलीत अपेंडिक्स काढलेले आणि देहात असलेले चालत नाही. वरून फोन आला, मंत्री येणार आहेत, टीव्हीवर आकडा द्यायचा आहे, ही सही करायची कारणे नाहीत. ओळख पटलेल्यांचा आकडा एक दिवस कमी दिसला तर काही बिघडत नाही.

ताबा देताना बहुतेक चुका कागदात नाहीत, दारात होतात. देहाच्या मनगटावरचा, पिशवीवरचा आणि कागदावरचा क्रमांक दोन माणसांनी मोठ्याने वाचायचा, एकाने वाचायचा आणि दुसऱ्याने तपासायचा. फोटो घ्यायचा. नंतर अँब्युलन्सचे दार लावायचे. घरच्यांना पंचनाम्याची प्रत, शवविच्छेदन अहवाल, ओळख कशी पटली याचे पत्र आणि मृत्यूच्या नोंदीचा कागद एकत्र मिळावा. विमा, एसटी किंवा रेल्वेची भरपाई, बँक, सगळीकडे हेच कागद लागतात; पाच-सहा साक्षांकित प्रती करून ठेवा.

अवशेष अपुरे असतील तर कुटुंबाला तेव्हाच, स्पष्ट शब्दांत विचारा: पुढे आणखी काही मिळाले तर कळवायचे का, की प्रशासनाने सन्मानाने विधी करावा? उत्तर लेखी घ्या. काहींना प्रत्येक वेळी फोन हवा असतो, काहींना तो पुन्हा कधीच नको असतो. न्यूयॉर्कमध्ये २००१ च्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यातल्या २,७५३ मृतांपैकी सुमारे ४० टक्के लोकांची ओळख अजूनही पटलेली नाही, आणि नवीन तंत्राने २०२५ मध्येही तीन नावे जुळली.

देह मिळालाच नाही तर

२२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. ५३ देह मिळाल्यावर शोध थांबला, ३१ जणांना बेपत्ता धरून पुढे मृत घोषित करण्यात आले. इर्शाळवाडीत जुलै २०२३ मध्ये २७ देह मिळाले आणि ५७ माणसे बेपत्ता राहिली. शोध थांबवायचा निर्णय प्रशासन ग्रामस्थांशी बोलून घेते; तो घेताना बेपत्तांच्या नातेवाइकांचे डीएनए नमुने घेऊन ठेवायलाच हवेत. पुढच्या पावसाळ्यात ओढ्यात हाड उघडे पडते, आणि तेव्हा जुळवायला काही नसते.

कायद्याने बेपत्ता माणसाला मृत मानायला एरवी सात वर्षे लागतात. पूर्वी पुरावा कायद्याचे कलम १०८ होते, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १११. मोठ्या आपत्तीत सरकार यातून वेगळी वाट काढते. २०१३ च्या केदारनाथच्या प्रलयानंतर आणि २०२१ मध्ये चमोलीत तशी काढली होती. केदारनाथला गेलेले महाराष्ट्रातले यात्रेकरूही बेपत्तांत होते, त्यांच्या कुटुंबांनाही हाच रस्ता होता. आधी आपल्या गावच्या पोलीस ठाण्यात बेपत्ता असल्याची तक्रार, माणूस तिकडे गेला होता याचे पुरावे जोडून: तिकीट, शेवटचा फोन, सोबत्यांचे जबाब. स्थानिक चौकशी होऊन अहवाल आपत्तीच्या जिल्ह्यात जातो. तिथला नेमलेला अधिकारी, सहसा उपविभागीय दंडाधिकारी, तात्पुरता आदेश काढतो, तो वर्तमानपत्रात छापून हरकतींसाठी ३० दिवस देतो, आणि हरकत आली नाही तर मृत्यूचा दाखला निघतो.

ही सवलत आपोआप लागू होत नाही, त्या आपत्तीसाठी सरकारने तसा आदेश काढावा लागतो. तो निघाला आहे का हे तहसील कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारा आणि पोच घ्या. आदेश निघाला असेल तर दाखल्यासाठी वकील लागत नाही.